मदत हवी आहे : गुन्ह्याची कारणे समजून घेण्यासाठी कादंबरीवर कितपत विसंबावे?

नमस्कार. गुन्हा का घडतो, या प्रश्नाकडे कथात्म साहित्याच्या वाटेने पाहणारे एक टिपण मी लिहीत असून त्यासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

यशाचे ध्येय सर्वांपुढे ठेवायचे, पण तिथे पोचण्याचे सनदशीर मार्ग मोजक्यांनाच खुले ठेवायचे, या विसंगतीतून गुन्हे उपजतात, असे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९३८ मध्ये मांडले. ते पटते. परंतु गुन्ह्याआधी माणूस स्वतःची समजूत कशी घालतो, हे मला रशियन लेखक दस्तयेव्हस्कीच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’ (१८६६) या कादंबरीत अधिक स्पष्ट दिसले. तिचा नायक रास्कोल्निकोव्ह दरिद्री आहे हे खरे, तरी असामान्य माणसांना नियम मोडण्याचा अधिकार असतो, हा त्याचा स्वतःचाच सिद्धांत खुनासाठी त्याच्या हाती कुऱ्हाड देतो. याउलट फ्रेंच लेखक ह्यूगोच्या ‘ले मिझेराब्ल’मध्ये (१८६२) पाव चोरणारा ज्याँ व्हालज्याँ सुटून आल्यावर कैदी असल्याच्या शिक्क्यामुळे एका बिशपखेरीज त्याला कोणी निवाराही देत नाही आणि तो पुन्हा चोरी करतो, म्हणजे इथे शिक्षाच पुढच्या गुन्ह्याचे कारण ठरते.

माझी अडचण अशी, की कारणाशिवाय कथानक उभे राहत नाही म्हणून लेखक ते पुरवतोच. प्रत्यक्षात मात्र कित्येक गुन्हे क्षणिक रागातून, नशेत किंवा निव्वळ संधी मिळाली म्हणून घडतात. मग कथेतील कारणमीमांसा पुरावा मानावी की केवळ गृहीतक? ज्यांत गुन्ह्याचे कारण मुद्दाम अस्पष्ट ठेवले आहे, अशा कलाकृती कृपया सुचवाव्यात. रहस्यकथा शक्यतो नकोत, कारण त्यांत ‘कोणी’ हाच प्रश्न बहुतेक जागा व्यापतो.