जेवणानंतरची हिरवी शार्त्रूझ: आमचं काय चुकलं?

फोंडेकर
थोरल्या भावाने फ्रान्समधल्या ल्योंहून हिरव्या शार्त्रूझची, म्हणजे वनस्पतींपासून बनवलेल्या गोड दारूची, बाटली आणली. रविवारी रात्री इसवणाचं हुमण-भात जेवून आम्ही सोप्यावर बसलो आणि ती उघडली. फेणी घेतो तशीच घेतली, मोठ्या ग्लासात लिम्का आणि भरपूर बर्फ घालून. नुसती गोड, औषधासारखी, वर नाकात झिणझिण्या. बायकोने एक घोट घेऊन ग्लास खाली ठेवला. एवढी महागाची वस्तू, वाया जाऊ नये असं मनापासून वाटतं. बाटली खिडकीतल्या फळीवर ठेवलीय, उन्हात रंग फार देखणा दिसतो.

वास्कोचा तारवटी
अरे बाब, आधी ती बाटली खिडकीतून उचल, मग पुढचं वाच. तो हिरवा रंग वनस्पतींचाच आहे, ऊन लागलं की उतरतो. अंधाऱ्या कपाटात उभी ठेव.

बोटीवरच्या बारमध्ये मी बावीस वर्षं काढली. जेवण आटपलं की फ्रेंच पाहुणे हीच मागायचे, आणि आम्ही द्यायचो लहान ग्लासात 20 मिली. हिच्यात अल्कोहोल 55 टक्के, बाटलीतल्या काजू फेणीपेक्षा बरंच जास्त. त्यात साखर आधीच आहे, वर तू लिम्का ओतलास! आपल्याकडच्या उकाड्यात ग्लास दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेव. बर्फ हवाच तर एकच मोठा खडा. पहिला घोट ओठ भिजतील एवढाच घे आणि जिभेवर थांबव. आधी गोडी येते, मग मिऱ्यासारखं तिखट, आणि गिळल्यावर पुदिना-बडीशेपेचा गारवा चढतो. तो गारवा बराच वेळ राहतो, आणि दारू आहे ती त्याच्यासाठी. पुढचा घोट तो ओसरल्यावर.

फ्रान्समधल्या ग्रेनोबलजवळच्या डोंगरातल्या मठाचे कार्थुझियन पंथाचे ख्रिस्ती साधू 130 वनस्पतींपासून ही बनवतात. कृती 1605 साली मिळालेल्या हस्तलिखितावरची. 1903 मध्ये सरकारने त्यांना फ्रान्समधून घालवलं, तर स्पेनमधल्या तारागोनाला जाऊन तिथे बनवत राहिले. आता मागणी कितीही वाढो, उत्पादन वाढवायचं नाही असं त्यांनी ठरवलंय. प्रार्थनेचा वेळ त्यांना मोडायचा नाही. मला हे फार पटतं.

साखळीची सून
औषधासारखी लागली हे बरोबरच आहे हो. हिचा उगमच त्या हस्तलिखितावरून अठराव्या शतकात बनवलेल्या औषधी अर्कात आहे, तो 69 टक्क्यांचा अर्क अजून मिळतो. आमच्या सासूबाई दुकशिरीची मुळं फेणीत घालून बाटली कोठीत ठेवायच्या, पोट जड झालं की चमचाभर देत. शार्त्रूझ पहिल्यांदा प्याले तेव्हा मला ती कोठीच आठवली. वहिनींना हिरवी जड वाटली तर पिवळी शोधा, सौम्य आणि मधाळ असते. आणि पावसाळ्यात गरम चॉकलेटमध्ये एक चमचा हिरवी घालून बघा, आल्प्समध्ये अशीच पितात.

फोंडेकर
काल बिबिंकेच्या पातळ तुकड्यासोबत घेतली, गार केलेल्या लहान ग्लासात. मिरी लागली, गारवाही लागला. बायको बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, तुळशीच्या मंजिरी चुरल्यावर बोटांना येतो तसा वास मागाहून येतो. मला तो आला नव्हता. पुन्हा घोट घेतला, आणि आला.

वास्कोचा तारवटी
तिच्या नाकाला मानलं. पुढच्या वेळी ग्लास आधी तिला दे.