डोळेझाकीला मिळालेली लेखी मुभा

सीआयए ही अमेरिकेची गुप्तचर संस्था स्वतःच कोकेन विकत होती, असे म्हटले जाते; हे विधान मला पटत नाही. कागदपत्रांतून दिसणारा प्रकार वेगळा आणि माझ्या मते अधिक गंभीर आहे. १९८२ मध्ये अमेरिकेच्या न्यायखात्याशी झालेल्या समझोत्यामुळे, पगारी कर्मचारी नसलेल्या हस्तकांचे अमली पदार्थांचे गुन्हे कळवण्याच्या बंधनातून ही संस्था मोकळी झाली, आणि ही सवलत १९९५ पर्यंत टिकली. निकाराग्वातील, सीआयएचा पाठिंबा असलेल्या काँट्रा बंडखोरांना रसद पुरवणाऱ्यांत तस्कर होते, हे सिनेटर जॉन केरी यांच्या उपसमितीने १९८९ मध्येच नोंदवले होते. नागपुरात आमच्याच वस्तीतली दोन मुले एमडी (मेफेड्रोन) या अमली पदार्थाच्या नादी लागलेली मी पाहिली आहेत, त्यामुळे ‘राष्ट्रहितासाठी दुर्लक्ष करावे लागते’ हा अशा वेळी मांडला जाणारा युक्तिवाद मला असह्य वाटतो.