'सान्निध्य', 'समक्षता' की 'उपस्थिती'?

विचारणा

आमच्या ख्रिस्ती मंडळीसाठी एक छोटी प्रार्थनापुस्तिका तयार करीत असताना एकाच वाक्यावर काम अडले आहे. मसुद्यात 'देवाची पवित्र उपस्थिती आम्ही अनुभवतो' असे आहे. मंडळीतील ज्येष्ठांना 'उपस्थिती' खटकते, तरुणांना 'सान्निध्य' जड वाटते, आणि 'समक्षता' हा शब्द बायबलबाहेर कोणी वापरत नाही. या शब्दांत अर्थाचा फरक आहे की केवळ सवयीचा? आणि रविवारच्या उपासनेतील अनुभव व रोजच्या कामाधामातील अनुभव या दोहोंना एकच शब्द पुरेल काय?

प्रतिसाद १

फरक निश्चित आहे, आणि ज्येष्ठांना जे खटकते त्याचे कारण लग्नपत्रिकेत सापडेल. 'आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे' हे वाक्य आपण इतके वाचले आहे की 'उपस्थिती' म्हटले की कोणीतरी निमंत्रित आहे आणि कार्यक्रम आपला आहे, असाच भाव मनात उमटतो. 'हजेरी'चे तर विचारूच नये. ती लावली जाते, घेतली जाते, आणि एखाद्याची हजेरी घेणे म्हणजे काय हे सर्वांना ठाऊक आहे. गंमत अशी की ज्या अरबी धातूपासून 'हजेरी' आली त्याच धातूपासून 'हुजूर' हा शब्दही आला, आणि त्याचा मूळ अर्थ 'समोर असणे' हाच आहे. पुण्यातल्या हुजूरपागेच्या नावात तो अजून टिकून आहे. म्हणजे एकाच मुळातून धन्याचे संबोधनही निघाले आणि चाकराचा हजेरीपटही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये आपल्या नव्या उपक्रमाला 'देवाचा दरबार' असे नाव दिले. दरबारात धनी असतोच. हजर व्हायचे असते ते आपण.

'सान्निध्य' हा शब्द 'सम्' आणि 'नि' या उपसर्गांसह 'धा' धातूपासून बनलेल्या 'सन्निधि'वरून आला. जवळ ठेवलेले असणे, हा त्याचा गाभा. निसर्गाच्या सान्निध्यात, संतांच्या सान्निध्यात असे आपण म्हणतो, तेव्हा लहान मोठ्याजवळ जातो आणि तेथे राहून थोडा बदलतो, हे गृहीत असते. सोळाव्या स्तोत्राच्या शेवटी 'तुझ्या सान्निध्यात पूर्णानंद आहे' असे येते ते यामुळेच चपखल बसते.

'समक्ष' मध्ये मात्र डोळा आहे: अक्षि, म्हणजे डोळ्यांसमोर. पंचनाम्यातले 'आम्हां पंचांसमक्ष' किंवा पत्रातले 'बाकी समक्ष भेटीत' आठवावे. मूळ हिब्रू शब्द 'पानीम' म्हणजे चेहरा, आणि जुन्या करारात जिथे आपण 'देवासमोर' वाचतो तिथे पुष्कळदा शब्दशः 'देवाच्या चेहऱ्यापुढे' असते. पवित्रस्थानातील मेजावर जी भाकर नित्य ठेवली जाई तिचे हिब्रू नाव 'चेहऱ्याची भाकर' असे होते, आणि याकोबाने रात्रभराच्या झुंजीनंतर त्या जागेला 'पनीएल', म्हणजे देवाचा चेहरा, असे नाव दिले. तेव्हा 'समक्षता' हा घडवलेला आणि काहीसा अवघडलेला शब्द असला तरी मुळाशी सर्वाधिक प्रामाणिक आहे. जवळ असणे सुखाचे असते; समोर असणे नेहमीच सुखाचे असते असे नाही.

प्रतिसाद २

वसईच्या बाजूने एक हरकत नोंदवतो. लग्नपत्रिकेमुळे 'उपस्थिती' बाद ठरवणे मला मान्य नाही. आमच्या चर्चमध्ये वेदीमागील पेटिकेशेजारी लहानसा तांबडा दिवा अखंड तेवत असतो. तो तेवत असला की आत पवित्र साक्रामेंत, म्हणजे ख्रिस्तशरीर मानलेली अभिमंत्रित भाकर, आहे असे समजून, दुपारच्या रिकाम्या चर्चमध्ये झाडायला आलेली बाईही केरसुणी खाली ठेवून आधी गुडघा टेकते आणि मग कामाला लागते. गुड फ्रायडेला तीच पेटिका रिकामी असते, दार सताड उघडे असते, आणि त्या दिवशी तिच्यापुढे गुडघा टेकत नाहीत. हा भेद 'सान्निध्या'ने सांगता येत नाही, कारण सान्निध्य कमीजास्त होऊ शकते. येथे प्रश्न असण्याचा किंवा नसण्याचा आहे. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये उपासनेविषयी जो दस्तऐवज मंजूर केला त्यातही मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची उपासना, अर्पण करणारा धर्मगुरू, भाकर व द्राक्षारस, संस्कार, वाचले जाणारे वचन आणि जमलेली मंडळी या सर्वांत ख्रिस्त हजर असल्याचे म्हटले आहे. तेथे 'उपस्थित' हेच विशेषण नेमके पडते.

'पवित्र' या शब्दाबद्दलही थोडे बोलावे लागेल. संस्कृतात 'पवित्र' म्हणजे शुद्ध करण्याचे साधन, मग ती सोमरस गाळण्याची गाळणी असो की बोटातील दर्भाची अंगठी. त्यासाठीच्या हिब्रू 'कादोश' या शब्दामध्ये मात्र शुद्धतेइतकाच, किंबहुना अधिक, वेगळेपणाचा अर्थ आहे. वेगळेपणासाठी मराठीत घरगुती शब्द होता तो 'सोवळे', आणि तो ख्रिस्ती मराठीत रुजला नाही हे उत्तमच झाले, कारण सोवळे शिवल्याने मोडते. मार्कच्या पहिल्याच अध्यायात येशू कुष्ठरोग्याला हात लावतो आणि शुद्ध होतो तो कुष्ठरोगी. पावित्र्य स्पर्शाने बाहेरच्या दिशेने जाते. 'पवित्र'च्या मुळातली ती गाळणी या प्रसंगापाशी सोवळ्यापेक्षा पुष्कळ जवळची आहे.

प्रतिसाद ३ (पहिल्या प्रतिसादकर्त्याकडून)

आपली हरकत रास्त आहे. तांबड्या दिव्यापुढे माझी लग्नपत्रिका फिकी पडते. मात्र 'उपासना' हा शब्दही येथे लक्षात घ्यावा. 'उपस्था' म्हणजे जवळ उभे राहणे आणि 'उपास' म्हणजे जवळ बसणे. आमच्या खेड्यातल्या मंडळीत दाराबाहेर चपला काढून सतरंजीवर बसायची रीत आहे, तेव्हा तेथे तो शब्द अक्षरशः खरा ठरतो.

रोजच्या जीवनासाठी मी एक चौथा शब्द सुचवतो: 'वस्ती'. योहानाच्या शुभवर्तमानात 'शब्द देही झाला व त्याने आमच्यामध्ये वस्ती केली' असे आहे, आणि मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ तंबू ठोकून राहणे असा आहे. मराठी 'वस्ती'ने तो तंबू बरोबर पेलला आहे, कारण आपल्याकडे वस्ती म्हणजे रानातली चार घरेही आणि रात्रीचा मुक्कामही. वस्तीची एसटी म्हणतात ती याच अर्थाने. माझी आजी नगरकडची. चुलीपुढे भाकरी थापता थापता ती 'बापा, आज वस्तीला आमच्याकडंच राहा' असे पुटपुटत असे. तिला ग्रीक येण्याचा प्रश्नच नव्हता, पण बायबलमधील अम्माऊसच्या वाटेवरील ते दोघे शिष्य आणि त्यांनी दिवस कलल्यावर थांबवून घेतलेला अनोळखी वाटसरू तिला पाठ होता, आणि तो येशूच असल्याची ओळख भाकर मोडताना पटली हेही. पंडिता रमाबाईंनी केडगावात हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे भाषांतर केले तेव्हा अल्पशिक्षित बायांनाही कळेल अशी सोपी मराठी त्यांनी मुद्दाम राखली. त्या आग्रहामागे अशाच चुली असाव्यात.

विचारणाकर्त्याकडून

दोघांचेही आभार. प्रभुभोजनाच्या विधीत 'उपस्थित' ठेवतो, पापकबुलीच्या प्रार्थनेत 'तुझ्या समक्षतेत' घेतो, आरंभीच्या स्तवनात 'तुझ्या पवित्र सान्निध्यात', आणि संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत, ज्येष्ठांची संमती मिळाल्यास, आजींचे वाक्य जसेच्या तसे. मुद्रितात 'सानिध्य' असे तीन ठिकाणी पडले आहे. तेथे 'न'ला 'न' जोडून घेतो.