ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद कसा मांडावा?

रब्बी_हंगाम यांचा प्रश्न

नमस्कार. पाणलोट विकासाचे काम करणाऱ्या एका संस्थेत मी काम करते. अवर्षणप्रवण भागातील एका गावाचा यंदाचा पाण्याचा ताळेबंद आम्ही तयार केला असून रब्बीच्या पेरण्या पक्क्या होण्याआधी तो ग्रामसभेपुढे मांडायचा आहे. गावाचे क्षेत्र सुमारे १००० हेक्टर आणि यंदाचा पाऊस ४५० मिलिमीटर आहे. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी, या हिशेबाने गावावर ४५ लाख घनमीटर पाणी पडले. बाष्पीभवन, ओढ्याने वाहून गेलेले पाणी, मातीतला ओलावा आणि खरिपाचा वापर वजा करून, शिवाय माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचे पाणी पुढच्या पावसाळ्यापर्यंत राखून ठेवल्यावर, रब्बीसाठी विहिरींतून उपसता येईल असे सुमारे ५ लाख घनमीटर उरते. गेल्या वर्षीइतकाच गहू आणि कांदा घेतला तर ते पुरणार नाही, हे आमच्या तक्त्यांत स्वच्छ दिसते.

मी वीस-बावीस स्लाइडचे सादरीकरण बनवले आहे. त्यात गावाचा भूस्तर नकाशा, काळ्या पाषाणाच्या थरांची माहिती, निरीक्षण विहिरींच्या पातळीचे आलेख, पीकनिहाय पाण्याची गरज आणि शेवटी तूट, असा क्रम आहे. वेळ वीस मिनिटांचा आहे. गावाने या सभेत पीकनियोजनाचा निर्णय घ्यावा, एवढीच माझी अपेक्षा आहे. पण शास्त्र गाळून टाकले तर मांडणी उथळ होईल आणि सगळे सांगितले तर मुद्दा हरवेल, अशी मला धास्ती वाटते. काय ठेवावे, काय काढावे आणि कोणत्या क्रमाने बोलावे? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

कातळ_आणि_झरे यांचे उत्तर

आपला ताळेबंद चांगला आहे. अडचण त्याच्या एककात आहे. घनमीटर हे आपल्या कार्यालयाचे एकक आहे. वर्तमानपत्रातून कोयनेचे १०५ टीएमसी लोकांच्या ओळखीचे झालेले असतात, पण ते धरणाचे माप झाले. स्वतःच्या विहिरीकडे पाहताना कोणताही शेतकरी टीएमसीत किंवा घनमीटरात विचार करत नाही. तो पाण्याच्या पाळ्यांत विचार करतो: गव्हाला पाच, हरभऱ्याला दोन, कांद्याला दहा किंवा त्याहून अधिक. म्हणून आपला संपूर्ण ताळेबंद पाळ्यांत बसवावा, असे मी आग्रहाने सुचवेन.

हिशेब असा होईल. एका पाळीत शेतात सरासरी सहा सेंटिमीटर उंचीचे पाणी दिले जाते असे धरले, तर एक एकर म्हणजे सुमारे ४०४७ चौरस मीटर क्षेत्राला एका पाळीत जवळपास २ लाख ४३ हजार लिटर पाणी लागते. दहा हजार लिटरचा टँकर धरला, तर ते चोवीस टँकर झाले. आपले ५ लाख घनमीटर म्हणजे ५० कोटी लिटर. त्याला २ लाख ४३ हजारांनी भागले की गावाच्या हाती सुमारे २००० पाळ्या उरतात, प्रत्येक पाळी एका एकराची. आता हा आकडा फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावा आणि पुढची वजाबाकी सभेकडून करून घ्यावी. उदाहरणादाखल, गेल्या वर्षी २५० एकर गहू, १२० एकर कांदा आणि २०० एकर हरभरा असेल, तर गव्हाच्या १२५०, कांद्याच्या १२०० आणि हरभऱ्याच्या ४०० मिळून २८५० पाळ्या होतात. साडेआठशे पाळ्यांची तूट समोरची माणसे स्वतः मोजून काढतील आणि स्वतः काढलेल्या आकड्याशी त्यांचा वाद राहणार नाही. वाद झालाच तर तो "आमच्याकडे कांद्याला बारा पाळ्या लागतात" असा होईल, आणि तसा वाद व्हायलाच हवा, कारण त्यातून आपलाच तक्ता दुरुस्त होतो. ज्यांच्याकडे ठिबक किंवा तुषार सिंचन आहे त्यांचे पाणी कमी धरावे लागेल. ती दुरुस्तीही सभेतच करावी.

शास्त्र गाळण्याची धास्ती बाळगू नका. ५ लाख घनमीटर हा आकडा कसा काढला, हे कोणीतरी विचारेलच. तेव्हा उत्तरासाठी भूस्तर नकाशा आणि विहिरींच्या नोंदी छापून जवळ ठेवाव्यात. प्रश्न आल्यावर दिलेली माहिती ऐकली जाते. तीच माहिती प्रश्नाआधी दिली की लोक ती संपण्याची वाट पाहत बसतात.

विहिरींच्या आलेखाबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण आलेख चुकीचा निवडला गेला तर काय होते याचे एक गंभीर उदाहरण सादरीकरणाच्या इतिहासात आहे. २७ जानेवारी १९८६ च्या संध्याकाळी अमेरिकेत चॅलेंजर यानाच्या उड्डाणाआधी दूरध्वनीवर बैठक झाली. अग्निबाण बनवणाऱ्या कंपनीचे अभियंते सांगत होते की थंडीत सांध्यांमधली रबरी कडी ताठर होतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तापमान गोठणबिंदूच्या खाली जाण्याचा अंदाज आहे. त्यांनी मांडलेल्या तक्त्यांत झालेल्या नुकसानीची उदाहरणे होती, पण एक उदाहरण उबदार दिवसाचेही असल्यामुळे तापमानाचा आणि नुकसानीचा संबंध धूसर वाटला. पुढे चौकशी आयोगाने नुकसान न झालेली उड्डाणेही त्याच आलेखात घेतली, तेव्हा चित्र लख्ख झाले: सांध्याचे तापमान सुमारे १९ अंश सेल्सिअस किंवा अधिक असताना झालेल्या वीस उड्डाणांपैकी तिघांत कडी खराब झाली होती, तर सुमारे १७ अंश किंवा त्याहून कमी तापमानात झालेल्या चारही उड्डाणांत ती खराब झाली होती. माहिती आधीपासून उपलब्ध होती. बैठकीपुढे नुकसान न झालेली उड्डाणे आलीच नाहीत. दुसऱ्या दिवशी यान उडाले, ७३ सेकंदांत ते फुटले आणि सातही अंतराळवीरांचा मृत्यू झाला.

आपल्या गावातही नेमके हेच घडू शकते. केवळ टंचाईची वर्षे दाखवली तर लोक म्हणतील, "पाऊसच कमी होता." म्हणून उपलब्ध असतील तितकी सगळी वर्षे एकाच कागदावर घ्या, आडव्या अक्षावर पाऊस आणि उभ्या अक्षावर विहीर कोणत्या महिन्यात आटली तो महिना. चांगला पाऊस होऊनही फेब्रुवारीत विहिरी आटल्या असे एखादे वर्ष त्यात असेल, तर त्याचा बिंदू लाल रंगात दाखवा आणि त्या वर्षी कांदा किती एकर होता हे शेजारी लिहा. एवढा एक आलेख पुरेसा आहे. निरीक्षण विहिरींच्या बाकीच्या रेषा काढून टाका.

पूर्वरंग यांचे उत्तर

मी शाळेत मराठी शिकवत असे आणि कीर्तनाचा अभ्यास हा माझा आवडीचा विषय आहे, त्यामुळे क्रमाविषयी थोडे लिहितो. नारदीय कीर्तनात नमनानंतर निरूपणाचा अभंग पहिल्यांदा म्हटला जातो. पूर्वरंगात त्याचाच विस्तार होतो, उत्तररंगात त्याच तत्त्वाचे आख्यान येते आणि शेवटी कीर्तनकार पुन्हा त्याच अभंगावर येतो. तास-दोन तास चाललेले कीर्तन दुसऱ्या दिवशी घरी सांगता येते, ते या बांधणीमुळे. आपण आपला मुद्दा, म्हणजे तूट, वीस स्लाइडच्या टोकाला ठेवला आहे. तो पहिल्या मिनिटाला यायला हवा: "गावाकडे यंदा २००० पाळ्या आहेत आणि गेल्या वर्षी आपण याहून बऱ्याच जास्त वापरल्या." त्यानंतरचे प्रत्येक वाक्य या वाक्याला आधार देत असेल तरच ठेवावे. भूस्तराची माहिती आधार देते, पण काळ्या पाषाणाचे वय आणि उत्पत्ती देत नाही. तो भाग मला कितीही रंजक वाटला तरी या सभेत त्याला जागा नाही.

दुसरी गोष्ट गाडगेबाबांकडून घेण्यासारखी आहे. त्यांच्या कीर्तनात श्रोते गप्प बसलेले नसत. कर्ज, दारू, पशुबळी, मुलांचे शिक्षण अशा विषयांवर ते वऱ्हाडी बोलीत साधे प्रश्न विचारत, समोरच्यांकडून उत्तर वदवून घेत आणि त्या उत्तरावरून पुढचा प्रश्न काढत. ऐकणारा माणूस स्वतःच्या तोंडाने निष्कर्षापर्यंत पोहोचत असे. वर सुचवलेली पाळ्यांची वजाबाकी हीच पद्धत आहे, म्हणून तिला माझे पूर्ण अनुमोदन आहे. मात्र प्रश्न खरे हवेत. उत्तर आपल्याला माहीत आहे आणि आपण परीक्षा घेत आहोत असे वाटले तर मोठी माणसे दुखावतात. "गेल्या वर्षी गहू किती एकर होता?" हा खरा प्रश्न आहे, कारण त्याचे अचूक उत्तर गावाकडेच आहे.

ठराव_क्रमांक यांचे उत्तर

चॅलेंजरच्या उदाहरणाला एक पुरवणी आवश्यक वाटते. त्या बैठकीत अभियंत्यांची शिफारस संदिग्ध नव्हती. त्या आधीच्या सर्वांत थंड उड्डाणाच्या तापमानाखाली, म्हणजे सुमारे १२ अंश सेल्सिअसखाली, यान उडवू नये असे त्यांनी लेखी मांडले होते. नासाच्या अधिकाऱ्यांनी त्यावर नापसंती दाखवल्यावर कंपनीच्या वरिष्ठांनी स्वतंत्र चर्चा केली आणि आपल्याच अभियंत्यांची शिफारस फिरवली. आलेख अधिक चांगला असता तर निर्णय कदाचित बदलला असता. पण ज्यांच्या हातात निर्णय होता त्यांच्यावर उड्डाण वेळेत करण्याचा दबाव होता आणि तो दबाव कोणत्याही आलेखात दिसत नव्हता.

गावातही निर्णयाची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. कांदा कमी करायचा म्हणजे ज्याच्या विहिरीला पाणी आहे आणि ज्याने रोप टाकले आहे त्याचे नुकसान, हे सभेत उघड बोलले जाणार नाही, पण मागच्या रांगेत त्याच कारणाने ठराव अडेल. म्हणून सभेच्या आधीच्या आठवड्यात जास्त कांदा आणि ऊस घेणाऱ्या कुटुंबांना त्यांच्या घरी जाऊन भेटावे आणि आकडे सर्वांत आधी त्यांना दाखवावेत. ग्रामसभेपूर्वी महिला सभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे. ती केवळ कागदावर उरकली जाऊ देऊ नये. एप्रिल-मेमध्ये हंडाभर पाण्यासाठी किती वेळ जातो हे त्या सभेत जितके नेमके सांगितले जाईल तितके अन्यत्र नाही, आणि तेथील दोघींनी ग्रामसभेत दोन-दोन मिनिटे बोलायचे मान्य केले तर आपल्या वीस मिनिटांतली पाच मिनिटे त्यांना खुशाल द्यावीत.

हिवरे बाजारचे उदाहरण आपण नक्कीच देणार असाल. तेथे गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवते हे खरे आहे, पण त्यामागे १९९० च्या सुमारापासूनचे सलग काम आणि गावाने स्वतःवर घालून घेतलेली बंधने आहेत. पहिल्याच सभेत ते आदर्श म्हणून पुढे ठेवले, तर "तिथले वेगळे आहे" या एका वाक्यात विषय संपतो. मी तरी ते उदाहरण राखून ठेवेन.

दुपारची_सभा यांचे उत्तर

थोडक्यात लिहिते. सभा मंदिरासमोरच्या मांडवात किंवा शाळेच्या पटांगणात असेल तर दिवसा प्रोजेक्टरवर काहीही दिसत नाही आणि वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. मोठ्या कापडावर किंवा फ्लेक्सवर तीनच गोष्टी छापाव्यात: वर सांगितलेला एक आलेख, पाळ्यांचा रिकामा तक्ता आणि शिवाराचा नकाशा, ज्यावर प्रत्येकाला आपली विहीर शोधता येईल. फ्लेक्स नंतर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावता येतो. ध्वनिक्षेपकाची चाचणी आदल्या दिवशी स्वतः करावी.

रब्बी_हंगाम

सर्वांचे मनापासून आभार. पाळ्यांचा तक्ता आजच करायला घेतला आहे आणि पहिले वाक्यही बदलले आहे. एक शंका राहते. हाच ताळेबंद पुढच्या आठवड्यात तालुक्याच्या आढावा बैठकीतही सादर करायचा आहे. तेथे नमुना ठरलेला असतो, दहा मिनिटे मिळतात आणि घनमीटरच अपेक्षित असतात. तेथे पाळ्या चालतील का?

कातळ_आणि_झरे

चालतील, पण दुसऱ्या क्रमांकाला. तेथे ठरलेले तक्ते जसेच्या तसे छापील प्रत म्हणून आधी द्यावेत, कारण अधिकाऱ्यांना ते नस्तीला लावायचे असतात. पडद्यावर मात्र चारच स्लाइड ठेवाव्यात आणि प्रत्येक स्लाइडचे शीर्षक पूर्ण विधान असावे. "पीकनिहाय पाण्याची गरज" या शीर्षकातून काहीच कळत नाही. "गेल्या वर्षीचीच पिके घेतल्यास रब्बीत ८५० एकर-पाळ्या, म्हणजे सुमारे २ लाख घनमीटर पाणी कमी पडेल" एवढे वाचले तरी उशिरा आलेल्या माणसाला विषय समजतो. शेवटच्या स्लाइडवर आभार मानू नयेत. त्या बैठकीकडून काय हवे ते तेथे लिहावे. हरभऱ्याचे बियाणे पेरणीआधी किती क्विंटल आणि कोणत्या तारखेपर्यंत गावात पोहोचायला हवे, हा आकडा ग्रामसभेत ठरलेल्या एकरांवरून काढा आणि ठरावाची प्रत त्याला जोडा.