आईला घेऊन दिल्ली, हातात तीनच दिवस. काय बघू आणि काय सोडू?

मुलुंडची_मी:
नमस्कार मंडळी, डिसेंबरच्या मध्याला दिल्लीला चाललोय, मी, आई (६८ वर्षं, गुडघे दुखतात) आणि सहावीतला मुलगा. जाताना राजधानी, शनिवारी सकाळी उतरू, सोमवारी रात्री विमानाने परत. मागे मावशी एका टूरवाल्याबरोबर गेली होती, एका दिवसात नऊ ठिकाणं, त्यातली निम्मी बसच्या खिडकीतून! आई म्हणते थोडंच दाखव पण नीट दाखव. नुसत्या इमारती नकोत, तिला आणि मुलाला आपलं काहीतरी सापडेल असं सांगा ना प्लीज.

दादरकर७२:
ताई, आधी एक लक्षात ठेवा, सोमवारी लाल किल्ला बंद आणि नॅशनल म्युझियमही बंद, त्यामुळे ही दोन्ही शनिवार-रविवारात उरका. लाल किल्ल्यात लाहोरी दरवाजातून आत गेलं की छत्ता बाजार, नौबतखाना, दिवाण-ए-आम असं चालत जावं लागतं, बरंच आहे पण वाट सपाट आहे, आईंना बसत बसत जमेल. मागे दिवाण-ए-खास आहे, तिथे मात्र थांबा आणि वर छताकडे बघा. आता दिसतं ते रंगवलेलं लाकूड, पण एके काळी तिथे चांदीचा पत्रा होता. १७६० मध्ये सदाशिवराव भाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा फौजेचे पगार थकलेले, खजिना रिकामा, म्हणून ती चांदी उतरवून त्याची नाणी पाडली. पुढच्या १४ जानेवारीला पानिपत. आपण शाळेत पानिपत पाठ करतो पण त्या छताखाली उभं राहिलं की पोटात कालवतं, कारण लाखभर माणसांना रोज काय खायला घालायचं हा प्रश्न तिथे डोळ्यांना दिसतो. मुलाला हे किल्ल्यात शिरायच्या आधी सांगून ठेवा.

कुर्ल्याची_पोर:
लाल किल्ला रविवारी सकाळी केलात तर दुपारी अलीपूर रोडवर बाबासाहेबांचं स्मारक नक्की करा, तिथून लांब नाही, मेट्रोने सिव्हिल लाइन्सला उतरायचं. आम्ही दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जातो, पण १९५६ ला ज्या घरात बाबासाहेबांनी देह ठेवला ती जागा ही, हे मला तिथे जाईपर्यंत नीट उमगलं नव्हतं. तिथून त्यांना विमानाने मुंबईला आणलं आणि दुसऱ्या दिवशी दादरला अंत्यसंस्कार झाले. स्मारकाची इमारत उघडलेल्या पुस्तकासारखी आहे, संविधानाचं पुस्तक. माझ्या आजीने बाहेर चपला काढल्या, कुणी सांगितलं नव्हतं.

ठाणे_ते_सीएसएमटी:
वरच्या दोघांशी सहमत, फक्त एक बदल. म्युझियम शनिवारी दुपारी घ्या, रविवारी किल्ल्यानंतर नको, आईंचे पाय बोलतील. आणि सगळी दालनं करू नका, हडप्पा दालनात जा. मोहेंजोदडोची ती नर्तकी पुस्तकात पानभर दिसते, प्रत्यक्षात साडेदहा सेंटिमीटरची आहे! कमरेवर एक हात, दुसरा हात खांद्यापर्यंत बांगड्यांनी भरलेला, मान अशी वर. माझी मुलगी काचेला नाक लावून पाच मिनिटं हलली नाही. सोमवारी कुतुबमिनार, तो उघडा असतो. वर चढायला १९८१ च्या चेंगराचेंगरीपासून बंदी आहे त्यामुळे गुडघ्यांचा प्रश्नच नाही, अंगणातला लोखंडी खांब गुप्तकाळातला, अजून उघड्यावर उभा आणि नावापुरताच गंजलेला. हुमायूनची कबर फार सुंदर आहे पण चौथऱ्याच्या पायऱ्या उंच आणि उभ्या आहेत, आईंना खाली बागेत बसवा आणि तुम्ही दोघं वर जाऊन या. आणि स्वेटर मुंबईतला नाही चालत हां, कानटोपी घ्याच, गाडीला धुक्याने उशीर होतो त्यामुळे शनिवारी सकाळी काही ठरवू नका.

मुलुंडची_मी:
मनापासून थँक्यू सगळ्यांना. आईला हे सगळं वाचून दाखवलं, चांदीच्या छताचं ऐकून गप्प बसली मग म्हणाली रविवारी सकाळी लवकर निघू. हुमायून सोडतोय, कुतुब ठेवला. अलीपूर रोडला रविवारी किती वेळ हातात ठेवू, दोन तास पुरतील का?

कुर्ल्याची_पोर:
तीन ठेवा ताई. आई बसतील तिथे, उठायचं मन होत नाही.