‘भारत तटस्थ राहिला’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : संयुक्त राष्ट्रांत एखाद्या ठरावावर भारताने बाजूने किंवा विरोधात मत दिलं नाही की ‘भारत तटस्थ’ असा मथळा येतो. शाळेत आपण ‘अलिप्ततावाद’ शिकलो. तटस्थ आणि अलिप्त एकच का?

उत्तर : एकच नव्हेत. तटस्थता ही मुळात युद्धाच्या संदर्भातली कायदेशीर भूमिका. 1815 पासून स्वित्झर्लंड, 1955 पासून ऑस्ट्रिया ही ठरलेली उदाहरणं. असा देश लष्करी गटात जात नाही आणि लढणाऱ्या कोणालाच लष्करी मदत करत नाही. अलिप्तता म्हणजे कायमचा गट नको, पण दर प्रश्नावर आपलं मत आपण ठरवणार. 1961 ची अलिप्त देशांची बेलग्रेड परिषद भरली ती याच भूमिकेवर. ऑगस्ट 1971 च्या भारत-सोव्हिएत करारात तर भारताच्या अलिप्ततेच्या धोरणाचा आदर करण्याचं कलमच आहे. अलिप्त म्हणवणाऱ्या देशाने महासत्तेशी असा करार करावा का, यावर तेव्हा भरपूर टीका झाली. पण तटस्थ देशाला तो करताच आला नसता.

मतदानाबद्दल : इथे खरा घोळ आहे. 1950 चं कोरिया प्रकरण पाहा, उत्तर कोरियाने दक्षिण कोरियावर हल्ला केला तेव्हाचं. भारत तेव्हा सुरक्षा परिषदेचा सदस्य होता आणि जूनमध्ये अध्यक्षपदी बेनेगल नरसिंग राव होते. हल्ला थांबवा, असं सांगणाऱ्या 25 जूनच्या ठरावाला भारताने पाठिंबा दिला. 27 जूनला, दक्षिण कोरियाला मदत करा, असं सांगणाऱ्या ठरावावर, दिल्लीहून सूचना न आल्याने, मतदानात भागच घेतला नाही आणि दोन दिवसांनी तो ठराव मान्य केला. 7 जुलैला, संयुक्त सैन्य अमेरिकेच्या हाताखाली देण्याच्या ठरावावर, भारत हजर होता, पण कोणत्याच बाजूने मत दिलं नाही. सोव्हिएत संघ तर बहिष्कार टाकून गैरहजरच होता, म्हणून नकाराधिकार वापरला गेला नाही. दोन आठवड्यांत एवढे प्रकार! पुढे भारताने सैन्य पाठवलं नाही, पण लष्करी वैद्यकीय पथक पाठवलं. या सगळ्याला ‘तटस्थ’ हा एकच शब्द कसा पुरणार?

प्रतिसाद : शब्द रूढ झालाय, वाचकाला कळतंय. एवढा कीस कशाला?

उत्तर : कारण मत न देण्याचं वजन जागेप्रमाणे बदलतं. आमसभेत महत्त्वाच्या ठरावाला दोन-तृतीयांश लागतात, पण फक्त बाजूने आणि विरोधात पडलेल्या मतांचे. 2 मार्च 2022 च्या युक्रेनवरच्या ठरावावर 141 बाजूने, 5 विरोधात आणि भारतासह 35 तटस्थ. ते 35 या हिशेबात धरलेच जात नाहीत. सुरक्षा परिषदेत मात्र 15 पैकी 9 मतं बाजूने हवीतच. 17 मार्च 2011 चा लिबियावरचा ठराव 10 मतांनी संमत झाला. भारत, ब्राझील, जर्मनी, चीन आणि रशिया यांनी मत दिलं नाही. आणखी दोघांनी हात आखडता घेतला असता तर ठराव पडला असता. म्हणजे तिथे गप्प राहणं जवळपास विरोधाइतकं भारी पडतं.

माझ्या मते ‘मतदानात भारत तटस्थ’ हे चालेल. ‘युक्रेनप्रश्नी भारत तटस्थ’ हे चालणार नाही. मतानंतर आपले प्रतिनिधी कारणं सांगणारं निवेदन करतात, त्यात देशाची भूमिका असते. मथळ्यानंतरच्या बातमीत तेही यायला हवं.