पदव्युत्तर वैकल्पिक विषयाचा प्रस्ताव विद्वत परिषदेने परत पाठवला आहे. पुढे काय करावे?

संत्रानगरी यांचा प्रश्न

नमस्कार. नागपुरातील एका स्वायत्त महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवते. एम. ए.च्या तिसऱ्या सत्रासाठी आमच्या विभागाने विदर्भातील शेतमालाच्या बाजारावर ४ श्रेयांकांचा (क्रेडिटचा) एक वैकल्पिक विषय तयार केला. अभ्यासक्रम ठरवणाऱ्या आमच्या विषयाच्या अभ्यास मंडळाने तो एकमताने मंजूर केला आणि मंडळावरील बाहेरच्या तज्ज्ञांनाही तो आवडला. तरीही सर्व विषयांच्या अभ्यासक्रमांना अंतिम मान्यता देणाऱ्या महाविद्यालयाच्या विद्वत परिषदेने तीन शेरे लिहून तो परत पाठवला आहे. यातील दोन घटक पहिल्या सत्रातील कृषी अर्थशास्त्राशी जुळतात, हा पहिला शेरा. नागपुरातील कळमना बाजार आणि काटोल परिसरातील संत्रा बागांच्या भेटींचे तास श्रेयांकांत कसे बसवले ते स्पष्ट होत नाही, हा दुसरा. संपूर्ण विषय एकाच शिक्षिकेवर अवलंबून आहे, हा तिसरा.

मला मनापासून समजून घ्यायचे आहे की, ज्या परिषदेत अर्थशास्त्राचे जाणकार मोजकेच असतात, तिने विषयतज्ज्ञांनी मान्य केलेल्या अभ्यासक्रमात किती लक्ष घालणे अपेक्षित आहे? आणि नवे सत्र सुरू होण्यापूर्वी हा विषय मार्गी लावायचा असेल, तर आम्ही नेमके काय दुरुस्त करावे?

जुना सदस्य यांचे उत्तर

मॅडम, मी अनेक वर्षे अभ्यास मंडळावर आणि नंतर विद्वत परिषदेवरही काम केले आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगू शकतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार स्वायत्त महाविद्यालयाची विद्वत परिषद अभ्यास मंडळाचा प्रस्ताव जसाच्या तसा किंवा बदल करून मान्य करू शकते. मतभेद असल्यास तो फेरविचारासाठी परत पाठवू शकते किंवा फेटाळू शकते, मात्र तसे करताना तिने कारणे द्यावी लागतात. तुम्हाला कारणे मिळाली आहेत, म्हणजे प्रक्रिया योग्य रीतीने चालली आहे. परिषदेत प्राचार्य, सर्व विभागप्रमुख, महाविद्यालयातील काही शिक्षक, बाहेरचे तज्ज्ञ आणि विद्यापीठाचे तीन प्रतिनिधी असतात. रसायनशास्त्राच्या विभागप्रमुखांनी कापसाच्या भावाबद्दल मत द्यावे, अशी अपेक्षा तिथे कोणीच करत नाही. ते पाहतात ते वेगळेच: हा विषय एकूण पदवीच्या रचनेत कुठे बसतो, विद्यार्थ्याचे श्रम आणि श्रेयांक यांचा मेळ बसतो का, आणि आज जाहीर केलेला विषय दोन वर्षांनीही शिकवला जाईल का. विषयाच्या आत काय शिकवायचे याची जाण अभ्यास मंडळाला असते. पण एकेक विषय शेजारी ठेवल्यावर पदवी कशी दिसते, हे पाहणारे दुसरे कोणी नसते.

तासांचा शेरा मला सर्वांत रास्त वाटतो. तासिकेच्या १ श्रेयांकासाठी सत्रात १५ तास धरले जातात, तर प्रात्यक्षिक किंवा क्षेत्रकार्याच्या १ श्रेयांकासाठी ३० तास. तुम्ही ३ श्रेयांक तासिकांचे आणि १ क्षेत्रकार्याचा ठेवला असेल, तर ४५ अधिक ३० असे ७५ तास वेळापत्रकात दाखवावे लागतील. बहुतेक प्रस्तावांत भेटींचे तासही तासिकेच्याच हिशेबाने लिहिलेले असतात आणि तिथेच प्रस्ताव अडतो. कळमना बाजारात पहाटे लिलाव पाहणे, आडत्यांच्या नोंदी समजून घेणे, परतल्यावर अहवाल लिहिणे, या प्रत्येक कामाला तास आणि गुण नेमून द्या. परिषद तुमच्या हेतूवर शंका घेत नाही. तिला परीक्षा विभागाला उत्तर द्यायचे असते.

वर्धा रोड यांचे उत्तर

मी एका महाविद्यालयात विद्वत परिषदेचे सचिवपद सांभाळते. आधीच्या उत्तराशी मी सहमत आहे. फक्त पहिल्या शेऱ्याबद्दल थोडे वेगळे सुचवते.

राज्याच्या नव्या आराखड्यात दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीचे ८८ श्रेयांक आहेत आणि वैकल्पिक विषयाच्या वाट्याला प्रत्येक सत्रात फक्त ४ येतात. उरलेले मुख्य विषय, पहिल्या सत्रातील संशोधन पद्धती, दुसऱ्या सत्रातील प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण आणि शेवटच्या दोन सत्रांतील संशोधन प्रकल्प यांत विभागले जातात. इतक्या कमी जागेत एकच गोष्ट दोनदा शिकवली जाऊ नये, ही परिषदेची काळजी योग्यच आहे. परंतु ते दोन घटक सरळ वगळू नका. चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतलेले विद्यार्थी एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, म्हणजे थेट तिसऱ्या सत्राला येतील, तेव्हा त्यांनी तुमचे पहिले सत्र केलेलेच नसेल. म्हणून किमान आधारभूत किंमत आणि बाजार समितीची रचना ही ओळख दोन-तीन तासिकांत ठेवा, आणि वेळ वाचेल तो कापूस, सोयाबीन व संत्र्याच्या प्रत्यक्ष व्यवहारांना द्या. प्रस्तावासोबत दोन्ही विषयांचे घटक शेजारी-शेजारी मांडलेला एक तक्ता जोडा. असा तक्ता समोर असला की सदस्यांना दोन्ही अभ्यासक्रम पुन्हा वाचत बसावे लागत नाही.

तिसऱ्या शेऱ्याला विभागातील दुसऱ्या शिक्षकाची लेखी संमती पुरेशी असते. अभ्यास मंडळाची फेरबैठक लवकर घ्या आणि तिच्या इतिवृत्तात प्रत्येक शेऱ्यापुढे केलेली दुरुस्ती लिहा. कार्यसूची निघाल्यावर आलेला कागद मीसुद्धा पुढच्या बैठकीवर ढकलते.

एम. ए. दुसरे वर्ष यांचे उत्तर

मी विद्यार्थी आहे, म्हणून एवढेच सांगतो. आमच्या प्रवेशाच्या वेळी माहितीपुस्तिकेत असलेला एक वैकल्पिक विषय, शिकवणारे सर दुसरीकडे गेल्यामुळे, तिसऱ्या सत्रात बंद झाला. मी तो विषय डोळ्यांसमोर ठेवूनच प्रवेश घेतला होता आणि माझ्या प्रकल्पाचा आराखडाही त्यावरच बेतला होता. दुसऱ्या शिक्षकाची अट तुम्हाला जाचक वाटत असेल, तर कृपया आमच्याही बाजूने पाहावे.

रामटेककर यांचे उत्तर

ज्यांचे महाविद्यालय स्वायत्त नाही त्यांच्यासाठी थोडे लिहितो, कारण तिथे वाट लांबची आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम २०१६ नुसार प्रस्ताव विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाकडून विद्याशाखेकडे आणि तिथून विद्वत परिषदेकडे जातो. प्रवेश किंवा परीक्षेचे नियमच बदलायचे असतील, तर विद्यापीठाचा अध्यादेश (ऑर्डिनन्स) लागतो आणि तो विद्यापीठाची व्यवस्थापन परिषद करते. नागपूर विद्यापीठात नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया अशा चार जिल्ह्यांतील महाविद्यालये एकाच अभ्यासक्रमाने शिकवतात. त्यामुळे कळमन्याची भेट गोंदियाच्या विद्यार्थ्याला कशी घडवायची, हा प्रश्न तिथे रास्तपणे विचारला जाईल. तिथे भाताचा बाजार घ्यावा, अशी पर्यायी तरतूद अभ्यासक्रमातच लिहिलेली बरी.

संत्रानगरी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. खरे सांगायचे तर भेटींचे तास मीही तासिकेच्याच हिशेबाने लिहिले होते आणि ती चूक मला परिषदेच्या शेऱ्यातूनही कळली नव्हती. आता ४५ आणि ३० तासांचा आराखडा केला आहे. आमच्या विभागातील एका सहकाऱ्यांनी भाव-आकडेवारीचा भाग शिकवण्याची तयारी दाखवली असून त्यांचे संमतिपत्र प्रस्तावाला जोडत आहे. दोन विषयांच्या तुलनेचा तक्ता करायला बसले, तेव्हा जुळणारे घटक दोन नसून तीन निघाले. तिसरा मी स्वतःहून प्रस्तावात नमूद करणार आहे. अभ्यास मंडळाची फेरबैठक पुढच्या आठवड्यात ठेवली आहे.